विंचवाचे बिऱ्हाड, चार चाकांवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज बोलून जातो. पण त्या बिऱ्हाडात असते काय? विंचवाची मादी आपली पिले पाठीवर घेऊन हिंडते, एवढेच. गादी नाही, शेगडी नाही, फ्रिज नाही, डोक्यावर घडीचा तंबू नाही. मोटारीतून मुक्कामाला निघणाऱ्या हौशी मंडळींनी ही म्हण एकदा नीट कान देऊन ऐकावी, असे आम्हांला वाटते.

कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. शब्द निराळे, मतलब एकच. घरी (किंवा मेव्हण्याकडे) एक जुनी पिकअप आहे. ती जरा नीटनेटकी करून सुट्टीत मुलाबाळांसह आडवाटेला, एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा तळ्याकाठी दोन रात्री काढाव्यात म्हणतो. तर तिच्यावर काय काय बसवून घ्यावे? एका गृहस्थांनी सोबत यादीच पाठवली होती. ती वाचताना रुखवताची आठवण झाली. फक्त विहिणीचे नाव तेवढे राहिले होते.

काय बसवावे, याआधी काय बसवू नये, हे सांगावे लागते. आणि ते सांगायला मळवलीइतकी चांगली जागा नाही. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना हे छोटे स्टेशन ठाऊक असते. कार्ले फाट्यावरून आत वळावे, इंद्रायणी ओलांडावी, रेल्वे ओलांडावी, मग द्रुतगती मार्ग ओलांडावा, की समोर भाजे. भाज्याच्या वर एका हाताला विसापूर, त्यामागे लोहगड आणि लोहगडाची ती लांबलचक सोंड. तिचे नावही विंचूकाटाच! आम्ही म्हण मुद्दाम जुळवून आणलेली नाही. ती तिथे डोंगरावरच बसलेली आहे. या चार-सहा मैलांत गुळगुळीत रस्ता आहे, दम काढणारा चढ आहे, भातखाचरांचा चिखल आहे, ओढे आहेत आणि पलीकडे पवनेचे पाणी आहे. जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला आणखी काय हवे?

जुनी पिकअप म्हणजे तरी कोणती? आपल्याकडच्या या जातीचे कूळ जीपपासून निघते. १९४९ साली महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे आडरस्ता म्हटला की जीप, असे समीकरण होऊन बसले. १९८८ साली टेल्कोने पुण्यात टाटामोबाइल ही पिकअप काढली. तिच्याच सांगाड्यावर १९९१ ची सिएरा उभी राहिली, हे तिच्यावर भाळलेल्या पुष्कळांना माहीत नसते. नंतर टाटांची २०७ आली, महिंद्रांची बोलेरो पिकअप आली आणि तिचीच दोन ओळींच्या बैठकीची बहीण आली. तिचे नाव कॅम्पर. नाव कॅम्पर, पण जन्म गेला सिमेंटची पोती, मजूर आणि पाण्याचे पंप वाहण्यात! काही कॅम्पर चारही चाकांना ओढ असणाऱ्या मिळतात, आणि मावळात अशी एखादी पंधरा वर्षांची गाडी अंगणात उभी दिसणे नवलाचे नाही.

मळवलीतल्या आमच्या एका स्नेह्यांकडे अशीच एक कॅम्पर आहे. त्यांचा तांदळाचा व्यवहार. आठवडाभर गाडी इंद्रायणी तांदूळ घेऊन कामशेत-वडगावच्या वाऱ्या करते. (हा वाणही तिथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून तो १९८७ मध्ये बाहेर पडला.) शनिवारी दुपारी मात्र तीच गाडी घरच्या पाच माणसांना घेऊन मुक्कामाला जाते आणि सोमवारी सकाळी पुन्हा पोत्यांना हजर असते. पोटाची सोय करणाऱ्या गाडीला शोभेची वस्तू करून ठेवणे त्यांना परवडणारे नाही, आणि त्यामुळेच त्यांनी केलेला प्रत्येक बदल आम्हांला शहाणपणाचा वाटला. त्यांची कसोटी साधी आहे. सोमवारी सकाळी उतरवता येईल तेच चढवायचे.

ही कसोटी कायद्यालाही मानवते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, बनवणाऱ्याने गाडी जशी बनवली आणि नोंदपुस्तकात जशी लिहिली, तिच्यात मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. काही ठराविक बदल परवानगीने होतात, बाकीचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढे लोखंडी शिंगे लावणे, गाडी उचलून घेणे, इंजिन बदलणे, हौद्यावर पत्र्याची खोली ठोकून देणे, हे सारे गॅरेजात हसतखेळत होते. पण त्याचा जाब नाक्यावर किंवा अपघातानंतर विमा कंपनीच्या टेबलापाशी द्यावा लागतो. हौद्यात ठेवलेली पेटी, बांधलेली ताडपत्री आणि दोरीने आवळलेले डबे मात्र सामान ठरते. सामानाला आतापर्यंत तरी कोणी परवाना मागितलेला नाही.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. बहुतेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात, पिवळी पाटी असते. नोंदपुस्तकात जेवढ्या बैठका तेवढीच माणसे, आणि तीही केबिनमध्ये. मुलांना हौद्यात उभे राहून वारा खायला फार आवडते. पण हौदा पोत्यांसाठी आहे, पोरांसाठी नाही. हौद्यातल्या माणसाला विम्याचा आधार मिळेल, असेही धरून चालू नका.

आता गाडीकडे वळू. जुनी पिकअप घेताना किंवा घरचीच बाहेर काढताना पहिला प्रश्न तिच्या पूर्वायुष्याचा विचारावा. गुलाबाची फुले वाहिलेली गाडी आणि वाळू वाहिलेली गाडी वयाने सारख्या असल्या, तरी त्यांची हाडे सारखी नसतात. वाळूवाल्याने टनाच्या जागी दोन टन भरलेले असतात. दूध किंवा मासळी वाहिलेल्या गाडीचा हौदा आतून कुजलेला असतो, कारण आंबलेले दूध आणि खारे पाणी पत्र्याच्या सांध्यांत मुरते. मिस्त्रीला सांगून गाडी वर घ्यावी आणि चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर लहान हातोडीने ठोकत जावे. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, गंजाचे पापुद्रे पडले, तर तिथेच थांबावे. रंग, दिवे, गाद्या यांवर एक रुपयाही खर्चू नये. पाट्यांच्या टोकाचे शॅकल आणि बुश, चाकांची बेअरिंगे, स्टिअरिंगचे बॉलजॉइंट हे सारे नवे घालायला जो खर्च येतो तो डोळ्यांना दिसत नाही, शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. म्हणूनच तो कोणी करत नाही.

ब्रेकचे तेल हा तर विसरलेलाच पदार्थ. ते हवेतला ओलावा शोषून घेते. मावळात पावसाळा कसा असतो हे सांगायला नको. लोणावळ्याला वर्षात चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. ओलावा धरलेले तेल सपाटीवर काही बोलत नाही. पण भरलेली गाडी लांब उताराला लागली, पाय सारखा ब्रेकवर राहिला, की चाकांपाशी ते तापते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी तेल बदलणे एवढाच उपाय, आणि उतारावर पाय नव्हे तर गिअर वापरणे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम अजून बाद झालेला नाही.

गाडी उचलून उंच करण्याची हौस पुष्कळांना असते. त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती गॅरेजातही फारशी कोणी सांगत नाही. पिकअप रिकामी असली की मागून हलकी असते आणि भरली की जड. तेव्हा मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे ठरवायला पुष्कळ पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी एक झडप असते. एक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी ओझ्याने खाली बसली की दांडी हलते, झडप उघडते, मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. आता तुम्ही पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी दोन-तीन इंच वर घेतली. झडपेला बिचारीला वाटते, गाडी रिकामी आहे! तुम्ही मागे पाच मणांची पेटी, पाणी आणि सामान भरून गायमुख खिंडीतून खाली उतरता आहात, आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीच्या हिशेबाने लागत आहेत. एवढ्या एका कारणासाठीही आम्ही उंच करण्याच्या विरुद्ध आहोत. जमिनीपासून थोडी उंची हवीच असेल तर चांगल्या अवस्थेतले मूळ मापाचे टायर आणि न थकलेले पाटे तीच देतात. पंधरा वर्षांत पाटे सपाट झालेले असतात. ते मूळ कमानीवर आणले की गाडी आपोआप वर येते.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. लांबट चौकटीत चार आकडे असतात : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होते आणि ओल्या खडकावर साबणासारखे सरकते. मऊ जमिनीवर जाताना हवा कमी करावी, ३५ पौंडांच्या जागी वीस-बावीस, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. पण तेव्हा वेग बैलगाडीचा ठेवावा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजायचे यंत्र जवळ हवे. आमच्या मते संपूर्ण यादीत हीच दोन विकतची यंत्रे खरोखर उपयोगाची.

आता वजनाविषयी, म्हणजे मुख्य विषयाविषयी. नोंदपुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन दिलेले असते. वजाबाकी करावी. कॅम्परच्या बाबतीत उत्तर टनाच्या आसपास येते, आणि ते पाहून माणूस उधळतो. टनभर! मग काय, घ्या कपाटे, घ्या टाकी, घ्या टपावरचा तंबू. पण प्रश्न किती वजन एवढाच नसून कुठे वजन हाही आहे. समजा, गाडी १७०० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. टपावर लोखंडी कॅरिअर आणि घडीचा तंबू मिळून १२० किलो, तेही दोन मीटर उंचीवर, चढवले. गणित केले तर गुरुत्वमध्य जवळजवळ नऊ सेंटिमीटरने वर सरकतो. त्यात गाडी दोन इंच उचललेली असेल तर आणखी पाच. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. आडव्या उतारावर, जिथे डावी चाके खाली आणि उजवी वर असतात, तिथे पाटे एका बाजूला दबतात, टपावरचे ओझे त्याच बाजूला झुकते, आणि कागदावर सुरक्षित वाटलेला कोन प्रत्यक्षात पुष्कळ आधी संपतो. भाज्याकडून गायमुख खिंडीकडे चढताना वळणावर ज्यांनी टपावर बोजा बांधलेली गाडी हाकली आहे त्यांना पोटातला तो गोळा ठाऊक असेल.

आपल्या आज्या उतरंड रचत तेव्हा थोरले मडके तळाशी आणि लहान वर ठेवत. एवढे शास्त्र पुरे आहे.

आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींनी हेच आम्हांला निराळ्या तऱ्हेने सांगितले. काकूंनी पुष्कळ वर्षे वारी केली आहे. दिंडीचा ट्रक ज्याने भरताना पाहिला आहे त्याला मुक्कामाच्या मोटारीचे पुस्तक वाचायची गरज नाही. राहुट्या, पातेली, शेगड्या, शिधा, शेदोनशे माणसांच्या वळकट्या, सारे एका ट्रकमध्ये. रोज संध्याकाळी उतरायचे, रोज पहाटे चढवायचे. मुलगा हौद्यात कपाटे बसवून घेण्याच्या विचारात होता, तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अरे, कपाट कशाला? पाणी आणि पातेली तळाला टाक, केबिनीला लगटून. वळकट्या वर. आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी काय लागतं ते शेवटी भर, म्हणजे आधी निघेल. आमचा विणेकरी सांगायचा, ट्रक भरायचा तर रात्र डोळ्यापुढं आणून भरायचा."

स्नेह्यांनी तेच केले. मागच्या ॲक्सलच्या पुढे, केबिनच्या भिंतीला टेकून, वीस-वीस लिटरचे पाच कॅन. एक मोठी टाकी का नको? टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते, एक भोक पडले तर सगळे जाते, आणि शंभर किलोची टाकी उचलून ओढ्यावर नेता येत नाही. कॅन चौदा वर्षांची मुलगीही नेऊ शकते, दोन फेऱ्यांत का होईना. पाणी तिथे ठेवल्याचा आणखी फायदा असा की रिकामी पिकअप मागून हलकी असल्याने चिखलात तिची मागची चाके नुसती गरगर फिरतात. त्या शंभर किलोंनी त्यांना जमीन सापडते. म्हणजे ओझे तेच, पण कामाला लावलेले.

मग फ्रिजचा वाद निघाला. मुलाला हवा होता, वहिनींना नको होता. वहिनी म्हणाल्या, "दोन रात्रींसाठी फ्रिज? दही विरजून नेते, भाकरी थापते, पिठलं तिथं होतं. आइस्क्रीमच हवं असेल तर लोणावळ्याला थांबा." आम्ही वहिनींच्या बाजूचे, आणि केवळ पिठल्यासाठी नव्हे. हिशेब पाहा. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास जाळले तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम चार अँपिअर-तास खर्च होतात. गाडीची मूळ बॅटरी चांगली असेल तर सकाळी इंजिन बिनतक्रार सुरू होते. फ्रिज आला की तो चालू असताना तासाला तीन-चार अँपिअर ओढतो, रात्रंदिवस. म्हणजे दुसरी बॅटरी आली, पंचवीस-तीस किलोंची. ती भरायला वेगळी जोडणी आली, जाड तारा आल्या, आणि पंधरा वर्षांच्या जुन्या वायरिंगला नवे कलम आले. गाडीला आग लागते ती बहुधा अशा कलमांतूनच. एका फ्रिजने केवढा संसार वाढतो पाहा! तरीही ज्यांना तो हवाच असेल त्यांनी बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज घालावा आणि काम चांगल्या वायरमनकडून करून घ्यावे. चौकातल्या टेपरेकॉर्डर बसवणाऱ्याकडून नव्हे.

झोपण्याची व्यवस्था सांगतो. कॅम्परचा हौदा आखूड, उंच माणसाचे पाय बाहेर. म्हणून जाड प्लायवुडच्या तीन फळ्या. चालताना त्या सामानावर एकावर एक पडलेल्या, मुक्कामावर फाळका उघडून त्यावर पसरलेल्या. फाळक्याच्या साखळ्यांवर सगळा भार नको, म्हणून टोकाला घडीचे दोन पाय. हौद्यावर नळीच्या तीन कमानी, त्यावर जाड ताडपत्री. कमानी हौद्याच्या मूळ खोबणीत बसतात, कुठे भोक पाडलेले नाही. दोघे-तिघे वर झोपतात, बाकीचे शेजारी साध्या तंबूत. ताडपत्री चारही बाजूंनी आवळून बंद करू नये. आमचे सगळे बोलणे विसरलात तरी पुढचे एक वाक्य विसरू नका. झोपायच्या जागेत शेगडी, कोळशाची सिगडी, गॅसची बत्ती यांतले काहीही पेटते ठेवू नये आणि ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नये. अपुऱ्या हवेतल्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोके जड होते आणि माणूस झोपेतच जातो. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी घ्यावी. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. गॅसचा पाच किलोंचा लहान सिलिंडर पुरतो, तो उभा आणि पट्ट्याने बांधून न्यावा.

आता निघू. दिवाळीच्या सुमाराची मावळातली जमीन फसवी असते. वरून सुकलेली, भेगा पडलेली दिसते. टाचेने दाबली की खाली लोण्यासारखा गाळ. म्हणून शंका आली की उतरावे आणि आधी पायी चालून यावे. जिथे आपला पाय घोट्यापर्यंत जातो तिथे दोन टनांची गाडी काय करेल हे सांगायला पंचांग नको. चारही चाकांची ओढ चिखलात शिरण्याआधी जोडावी, रुतल्यावर नव्हे. आणि कोरड्या डांबरावर ती जोडून चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि या जुन्या गाड्यांत मधला फरक सोसायला दुसरे काही नसते. तो गिअर आणि शाफ्ट सोसतात, मग तुटतात. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नये. फावडे, घमेले, चार रिकामी पोती, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा आणि चांगला जाड पट्टा एवढ्यावर बहुतेक गाड्या निघतात. पट्टा चासीच्या मूळ हुकाला अडकवावा, बंपरला नव्हे. आणि ओढताना मुलांना पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर उभे करावे. तुटलेला पट्टा कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

वाहत्या पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही कसलीही युक्ती सांगणार नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे काही क्षणांत वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा चढतो. गाडीचे सांगायचे तर, इंजिनाने हवेऐवजी पाण्याचा एक घोट घेतला की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण ती फार तर पैशांची गोष्ट झाली. पाणी गढूळ आणि वाहते असेल तर गाडी अलीकडे उभी करावी आणि मुक्कामही अलीकडेच करावा.

बांधांचे सांगायचे राहिले होते. शहरातल्या माणसाला भातखाचराचा बांध म्हणजे मातीचा एक उंचवटा वाटतो, चाक चढवून पार करण्याजोगा. भादव्यात त्या बांधाने आत वीतभर पाणी तोलून धरलेले असते. चाकाने त्यात चर पडला की रात्रीत खाचर रिकामे होते, आणि शेतकऱ्याला सकाळी कळते. कापणीनंतर पाणी नसते, पण बांध त्याचाच असतो आणि तो पुन्हा घालायला त्याचेच दोन दिवस जातात. आम्ही गेलो त्या दिवशी पायवाट जिथे शेतात शिरते तिथे स्नेह्यांनी गाडी थांबवली आणि खळ्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले, "बाबा, पलीकडं माळावर रातच्याला थांबू का?" बाबांनी गाडीकडे पाहिले, पोरांकडे पाहिले. "थांबा की. पण बांधावनं नका येऊ, त्या आंब्याखालनं वळसा घ्या. आन् ते गाणं-बिणं लावनार असाल तर तिकडं पवनेला जा."

पवनेच्या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात, पैसे देऊन मुक्काम मिळतो. ज्यांना ते आवडते त्यांनी तिथे जावे. लोहगडावर गाडी घेऊन जाण्याचा विचारही मनात आणू नये. तो संरक्षित आहेच, शिवाय जुलै २०२५ पासून मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. गड पायीच चढायचा असतो.

आम्ही आंब्याखालून वळसा घेतला. फळ्या पसरून, कमानी उभ्या करून ताडपत्री बांधायला पाऊण तास लागला, तोही धाकटा मध्येमध्ये मदत करत होता म्हणून. काकूंनी पातेले मागितले आणि ते हाताशीच निघाले. रविवारी संध्याकाळी सगळे उतरवायला अर्धा तास पुरला. कमानी पडवीत, फळ्या भिंतीला, ताडपत्री दोरीवर वाळत. हौद्याच्या कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे राहिले होते, ते चिमण्यांनी टिपले. सोमवारी सकाळी साडेसहाला गाडी कामशेतला पोती घेऊन गेली.